चिक्यू जहाज, नानकाई ट्रफ आणि घराघरांत पोहोचलेला एक खोटा संदेश

गेल्या रविवारी सकाळी माझ्या थोरल्या बहिणीने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मराठी संदेश टाकला आणि त्याखाली आपल्या मुलीसाठी एकच ओळ लिहिली, ‘राजीनामा दे आणि परत ये.’ माझी ही भाची चार वर्षांपासून जपानमधील हमामात्सु शहरात नोकरी करते. दुपारपर्यंत ताईचे तिला तीन फोन झाले होते, रात्री भाचीचा मला फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतील एका सहकाऱ्याने तोच संदेश पुन्हा माझ्याकडे पाठवला. तेव्हा हे उत्तर लिहायला बसलो.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. माणसाने आजवर जास्तीत जास्त बारा किलोमीटर खोल खणले आहे, म्हणून त्याखालचे शास्त्रज्ञ जे सांगतात ते सगळे संगणकावर रंगवलेले काल्पनिक चित्र आहे. जपानचे ‘चिक्यू’ नावाचे जहाज समुद्रतळात स्फोट घडवते आणि ११ मार्च २०११ चा भूकंप व त्सुनामी त्याच स्फोटांमुळे झाली. जपानच्या दक्षिण किनाऱ्यासमोर समुद्रतळात असलेल्या नानकाई ट्रफ या लांब खंदकातील पुढचा महाभूकंप केव्हा होणार हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पण तारीख दडवून ठेवली आहे. खोल समुद्रातले मासे किनाऱ्याला लागू लागले आहेत, हा त्याचा पुरावा. आणि तीच जहाजे आता अंदमानकडे निघाली असून २००४ च्या त्सुनामीची पुनरावृत्ती होणार आहे.

ताईच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि आमचे कुटुंब कऱ्हाडला राहत होते. आईने तिला पांघरुणासकट उचलून अंगणात आणले, स्वयंपाकघरातली उतरंड कोसळल्याचा आवाज मागून येत राहिला, आणि पुढे कित्येक रात्री सगळी आळी उघड्यावर झोपली, हे ती आजही काल घडल्यासारखे सांगते. माझा राग आहे तो अशा माणसांच्या भीतीवर पोसणारा मजकूर लिहून पुढे ढकलणाऱ्यांवर.

क्रम सोडून आधी सर्वांत घातक मुद्दा घेतो, तो चिक्यूचा. २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत १५,९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे अडीच हजार बेपत्ता झाली. एवढ्या मृत्यूंचा आरोप ज्या जहाजावर आणि त्यावरील माणसांवर ठेवला जातो, ते त्या दिवशी कुठे होते, एवढे तरी आरोप करणाऱ्याने पाहायला हवे होते. चिक्यू त्या दुपारी हाचिनोहे बंदरात होते, म्हणजे भूकंपाच्या केंद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर उत्तरेला. कोणतेही खोदकाम चालू नव्हते. जवळच्या एका प्राथमिक शाळेची ४८ मुले जहाज पाहायला आली होती. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी धक्का बसला, त्सुनामीचा इशारा आला आणि मुलांना घेऊनच जहाजाला बंदराच्या धक्क्यापासून दूर व्हावे लागले. बंदरातल्या प्रवाहांनी ते गरगर फिरवले, तळाला भोक पडले आणि जहाज ढकलणाऱ्या सहा प्रणोदकांपैकी एक तुटून गेला. मुलांनी ती रात्र जहाजावरच काढली आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने त्यांना किनाऱ्यावर नेण्यात आले. ज्या जहाजाने भूकंप ‘घडवला’ असे सांगितले जाते, ते स्वतःच शाळकरी मुलांसह त्याच त्सुनामीत सापडले होते.

शिवाय चिक्यू हे खोदकामाचे जहाज आहे. लोखंडी नळ्या एकमेकींना जोडत समुद्रतळापर्यंत सोडायच्या, तळाला छिद्र पाडायचे आणि खडकाचे दंडगोल वर आणायचे, हे त्याचे काम. नानकाई ट्रफमध्ये मुख्य भ्रंशापर्यंत, म्हणजे ज्या भेगेवर दोन भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) एकमेकांवरून सरकतात तिथपर्यंत, पोहोचण्याचा त्याने अनेक वर्षे प्रयत्न केला. तो भ्रंश समुद्रतळाखाली पाच किलोमीटरहून खोल असल्याचा अंदाज होता आणि खोदकाम ३,२६२.५ मीटरवर थांबवावे लागले. २०११ चा भूकंप समुद्रसपाटीखाली सुमारे २४ किलोमीटरवर सुरू झाला. जे जहाज पाच किलोमीटर गाठू शकले नाही, त्याने २४ किलोमीटरवर काय केले असेल, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्या एकालाही पडू नये याचे मला फार वाईट वाटते.

आता ‘स्फोटां’विषयी. समुद्रतळाखालची रचना पाहण्यासाठी संशोधन जहाजे एअरगन वापरतात. त्या तळात पुरलेल्या नसतात. जहाजामागे, पृष्ठभागाखाली काही मीटरवर त्या ओढल्या जातात, वातावरणाच्या सुमारे १४० पट दाबाची हवा त्यांतून एकदम सोडली जाते, आणि त्या आवाजाचे प्रतिध्वनी तळावर ठेवलेली किंवा जहाजामागे ओढलेली श्रवणयंत्रे टिपतात. यात बारूद नाही. मोठ्या एअरगन-संचाच्या एका बारात साधारण तीन-चार दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक किलो टीएनटी या स्फोटकाहून कमी. आपल्या स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये याच्या शंभरपटीहून अधिक ऊर्जा असते. उलट ९ तीव्रतेच्या भूकंपात केवळ लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा अशा सुमारे पन्नास हजार कोटी बारांइतकी भरते. दर अर्ध्या मिनिटाला एक बार काढत राहिले तर तेवढी ऊर्जा जमवायला पावणेपाच लाख वर्षे लागतील. हा हिशेब मी स्वतः प्रचलित सूत्राने केला आहे आणि कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन पडताळू शकतो.

इथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे, कारण ती ताईच्याच गावची आहे. माणसाच्या कामांनी भूकंप होऊ शकतात. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला, त्यानंतर त्या भागात छोटे धक्के सुरू झाले आणि १९६७ चा ६.३ तीव्रतेचा धक्का जलाशयाशी निगडित भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो. पण तिथे जवळजवळ २८० कोटी टन पाण्याचा भार होता, तो वर्षानुवर्षे चढत-उतरत होता आणि पाणी खडकांच्या भेगांत झिरपून आतला दाब वाढवत होता. आधीच ताणाखाली असलेल्या भ्रंशाला त्याने धक्का दिला, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ क्षणभर निघालेल्या हवेच्या फुग्याशी याची तुलना होऊ शकत नाही. एअरगनच्या आवाजाने देवमाशांना आणि इतर सागरी जीवांना त्रास होतो ही तक्रार मात्र खरी आहे आणि त्यावर निर्बंध असायलाच हवेत. संदेशाच्या लेखकाने हे लिहिले असते तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

चिक्यूची पुढची कामगिरी या संदेशाच्या पहिल्या मुद्द्यालाही उत्तर देते, म्हणून ती नीट सांगतो. भूकंपानंतर साधारण वर्षभराने, एप्रिल-मे २०१२ मध्ये, हेच जहाज ईशान्य जपानसमोरच्या जपान ट्रेंच या खोल समुद्री खंदकावर गेले. तिथे पाण्याची खोली सुमारे ६,९०० मीटर आहे. पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर वेगाने ईशान्य जपानखाली सरकतो, आणि २०११ मध्ये ट्रेंचजवळचा समुद्रतळ एका झटक्यात सुमारे पन्नास मीटर पुढे गेला होता. एवढे घसरणे कसे शक्य झाले, हे त्या भ्रंशालाच विचारायचे होते. पण छिद्र नेमके कुठे पाडायचे? ते अशाच प्रतिध्वनींच्या प्रतिमांवरून ठरले. भूकंपापूर्वी आणि भूकंपानंतर त्या रेषेवर जहाजे फिरवून एअरगनच्या परावर्तित लहरींच्या प्रतिमा घेतल्या होत्या, आणि भूपट्टांची सीमा किती खोल असावी हे त्यांत दिसत होते. छिद्र पाडल्यावर समुद्रतळाखाली सुमारे ८२० मीटरवर, प्रतिमांनी खुणावलेल्या पट्ट्यातच, पाच मीटरहूनही कमी जाडीचा, मऊ, चिकट मातीचा थर मिळाला. तोच तो भ्रंश.

तिथेच पाडलेल्या आणखी एका छिद्रात ५५ तापमापक सोडून ठेवले आणि नऊ महिन्यांनी बाहेर काढले. भ्रंशाजवळचे तापमान आजूबाजूच्या खडकापेक्षा केवळ ०.३१ अंश सेल्सिअसने अधिक निघाले. थंडीत तळहात चोळल्यावर ऊब येते, तशी ही घर्षणाची दीड वर्ष उरलेली ऊब होती, आणि ती इतकी कमी होती की घर्षण किती हे सांगणारा घर्षणांक ०.०८ च्या आसपास असल्याचे दिसले. कोरड्या, साध्या खडकांत हाच आकडा ०.६ ते ०.८५ असतो. म्हणजे तो थर ओल्या शेवाळासारखा निसरडा होता आणि म्हणूनच तळ एवढा घसरला. हे निष्कर्ष डिसेंबर २०१३ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात आले. या लेखात मी एकाच संदर्भावर सर्वाधिक भार टाकतो आहे तो हाच, कारण इथे आधी लहरींनी सांगितले, मग माणसाने तिथे जाऊन हात लावून पाहिले, आणि दोन्ही जुळले.

आता बारा किलोमीटरचा मुद्दा. आकडा खरा आहे. रशियातील कोला द्वीपकल्पावरील विवर १९७० मध्ये सुरू झाले आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचले. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. माठ घेताना आपण तो फोडून पाहत नाही, बोटाच्या पेराने वाजवून पाहतो, आणि तडा असेल तर आवाज लगेच बद्द येतो. पृथ्वीला रोज भूकंप वाजवत असतात आणि जगभरची भूकंपमापके तो आवाज ऐकत असतात. प्राथमिक लहरी भूकवचात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर आणि त्याखालच्या प्रावरणाच्या वरच्या भागात आठ किलोमीटर वेगाने जातात. दुय्यम लहरी मागून येतात आणि द्रवातून मुळीच जात नाहीत. खडक थंड असेल तर वेग वाढतो, तापलेला किंवा पाणी मुरलेला असेल तर घटतो, आणि दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर लहर परावर्तित होते किंवा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलते. हजारो भूकंप आणि शेकडो केंद्रे यांच्यातील वेळांचे फरक एकत्र मांडले की आतली रचना उलगडते. रुग्णालयात सीटी स्कॅन हेच तत्त्व क्ष-किरणांनी वापरतो, आणि डोके न उघडता काढलेली ती प्रतिमा डॉक्टरांची कल्पना आहे असे कोणी म्हणत नाही.

या विद्येची एक महत्त्वाची पायरी आपल्याच देशाशी जोडलेली आहे. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला, दूरदेशीच्या नोंदींमधून प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय अशा तीन लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. जपानमध्ये कियोओ वादाती यांनी १९२८ मध्ये काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात हे दाखवले, आणि पुढे हे भूकंप ट्रेंचपासून खंडाकडे तिरके खोल उतरत जाणाऱ्या पट्ट्यात असल्याचे स्पष्ट केले. ज्या जागी एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, तिला आज आपण सबडक्शन झोन म्हणतो. वादातींचा तिरका पट्टा म्हणजे तो खाली जाणारा भूपट्टच, आणि तेव्हा रंगीत चित्र काढणारा संगणक अस्तित्वातही नव्हता.

रंगीत चित्रांबद्दल अर्धी गोष्ट मी मान्य करतो. बातम्यांत दिसणारी निळी-तांबडी चित्रे छायाचित्रे नसतात. लहरींच्या वेगात असलेला काही टक्क्यांचा फरक त्यांत रंगांनी दाखवलेला असतो, जिथे केंद्रे विरळ तिथे चित्र पुसट असते, आणि एकाच नोंदींवरून थोडी वेगवेगळी प्रारूपेही बसू शकतात. हे शास्त्रज्ञ स्वतःच आपल्या निबंधांत लिहितात, बातमीत मात्र ते गळते. पण पुसट चित्र आणि खोटे चित्र यांत फरक आहे.

आणि हमामात्सुपुरते बोलायचे तर हे चित्र तितकेसे पुसटही नाही. तिथे फिलिपीन समुद्राचा भूपट्ट शहराच्या पायाखाली वीस-तीस किलोमीटर खोल आहे. जवळच्या हमाना सरोवराच्या परिसराखाली २००० ते २००५ या काळात भ्रंश अतिशय सावकाश, धक्का न देता सरकत होता आणि जीपीएस केंद्रांनी ते टिपले. २००४ मध्ये शुइची कोदाइरा व सहकाऱ्यांनी याच तोकाई भागाच्या भूकंपलहरींच्या प्रतिमा मांडून, तिथे भ्रंशाजवळच्या खडकांत अडकलेल्या पाण्याचा दाब फार जास्त असावा आणि त्यामुळेच हे मूक सरकणे होत असावे, असे दाखवले. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने विवरांत बसवलेल्या सुमारे आठशे भूकंपमापकांचे हाय-नेट हे जाळे उभारले, कारण शंभर मीटर खाली वाहनांचा आणि लाटांचा गोंगाट पोहोचत नाही. त्याच्या नोंदींतून काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये नानकाईच्या पट्ट्यात सुमारे तीस किलोमीटर खोलीवर मंद, लांबणारी कुरकुर शोधली, जी त्याआधी कुणाला ऐकूच आली नव्हती. ‘कोणी पाहिले आहे?’ या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे की या माणसांनी कान लावून ऐकले आहे आणि काय ऐकले ते छापून ठेवले आहे.

तारीख दडवल्याचा आरोप यातूनच खोटा ठरतो. भिंतीतली भेग कुठे आहे, किती खोल आहे हे कळणे आणि भिंत कोणत्या दिवशी पडेल हे कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लहरींनी पहिली कळते. दुसरी सांगणारी पद्धत जगात कोणाकडेही नाही, आणि जपानची हवामान संस्था हे वारंवार सांगते. ५ जुलै २०२५ ला जपानवर महासंकट येणार अशी आवई उठली होती, लोकांनी विमानाची तिकिटे रद्द केली, आणि तो दिवस त्या संकटाविना गेला. दडवण्याचे म्हणाल तर, नानकाईच्या महाभूकंपात सर्वांत वाईट परिस्थितीत २,९८,००० पर्यंत मृत्यू होऊ शकतात, हा अंदाज मार्च २०२५ मध्ये जपान सरकारने स्वतःच जाहीर केला. तीस वर्षांतील शक्यता जानेवारी २०२५ मध्ये ‘सुमारे ८० टक्के’ अशी सांगितली होती. सप्टेंबरमध्ये गणित पुन्हा तपासून ‘६० ते ९० टक्के किंवा अधिक’ आणि ‘२० ते ५० टक्के’ असे दोन पद्धतींचे दोन आकडे समोर ठेवले. ८ ऑगस्ट २०२४ ला नानकाई पट्ट्याच्या पश्चिम टोकाजवळच्या ह्यूगा-नादा या समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा आठवडाभर सावध राहण्याची सूचना पहिल्यांदाच काढली गेली. ज्यांना काही लपवायचे असते ते आपल्या अंदाजातली अनिश्चितता अशी चव्हाट्यावर मांडत नाहीत. धोका खरा आहे, हे मी ताईलाही सांगितले. तारखेची गोष्ट खोटी आहे.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार शब्द खर्चायची गरज नाही. खोल समुद्रातले मासे दिसणे आणि भूकंप होणे यांचा जपानमधील १९२८ ते २०११ पर्यंतच्या नोंदींवरून २०१९ मध्ये अभ्यास झाला. माशांच्या ३३६ नोंदी होत्या आणि त्यांपैकी जवळच्या काळात, जवळच्या जागी भूकंप झाल्याचे उदाहरण एकच निघाले. अंदमानचे म्हणाल तर चिक्यू २०१५ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यासमोर खरोखरच आले होते, नैसर्गिक वायूचे हायड्रेट (बर्फासारख्या घन रूपात साठलेला वायू) शोधण्यासाठी, आणि आपले काम करून परत गेले. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप झाला तेव्हा ते बांधूनही पूर्ण झाले नव्हते. जपानी संस्थेच्या ताब्यात ते २००५ मध्ये आले.

हे सगळे मी परवा रात्री ताईला फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग ती तिथे सुरक्षित आहे का, एवढेच सांग.’ त्याचे उत्तर भाचीने दिले. हमामात्सुच्या किनाऱ्यावर १७.५ किलोमीटर लांबीची, १३ मीटर उंचीची संरक्षक भिंत २०२० मध्ये पूर्ण झाली आहे. भाची राहते ती इमारत १९८१ च्या कठोर भूकंपरोधक नियमांनंतरची आहे. नगरपालिकेने घरोघरी दिलेल्या नकाशात त्सुनामीचे पाणी कुठपर्यंत येऊ शकेल ते रंगांनी दाखवले आहे, आणि भूपट्टाची सीमा कुठे व किती खोल आहे हे लहरींवरून माहीत झाल्यामुळेच तो काढता आला आहे. तिने त्या नकाशाचे छायाचित्र ग्रुपवर टाकले आणि आपल्या घरावर व जवळच्या शाळेतील आश्रयस्थानावर लाल पेनाने गोल केले. दहा मिनिटांनी ताईचा संदेश आला, ‘त्या शाळेपर्यंत चालत किती वेळ लागतो?’ भाचीने लिहिले, ‘सात मिनिटं. मी दोनदा चालून पाहिलंय.’